शिंप्याचा सहावा खोकला

सोमवार, ४ मार्च

सहावी वेळ! एकच माणूस, दीड वर्षात सहा वेळा आला, आणि दर वेळी डॉक्टरांचा शेरा तोच – तीव्र ब्राँकायटिस. म्हणजे नुकताच जडलेला, दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा. कोड जे-वीस. आजही तोच टाकायला घेतला आणि सहज मागची पानं चाळली. सहापैकी चार वेळा... मीच टाकलाय. चारही ठिकाणी माझी सही. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

माणूस एकसष्टचा. धंद्याने शिंपी. सिगारेट नाही, विडी नाही. याहून जास्त माहीत नाही. आम्हाला रेकॉर्ड रूममध्ये माणसं दिसतच नाहीत, फायली दिसतात. डॉक्टर निदान लिहितात, आम्ही त्याचा कोड, म्हणजे पुस्तकातला ठरीव क्रमांक, टाकतो. चौदा वर्षं झाली.

मंगळवार, ५ मार्च

कोड टाकला नाही. फाइल खणात ठेवलीय. टाचणीसाहेबांनी दुपारी ती हुडकून काढलीच – आमचे सेक्शनप्रमुख, दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की चिठ्ठी टोचल्याशिवाय यांना चैन पडत नाही, म्हणून ते नाव. मी म्हटलं, सहा वेळा तीव्र कसा असेल? जुनाट नको का म्हणायला?

"डॉक्टरांनी तीव्र लिहिलं, आपण तीव्र टाकायचं. आपण काय छातीला कान लावणार आहोत?"

बरोबर आहे त्यांचं. नियम तोच आहे. पण नियमात हेही आहे की शंका आली तर डॉक्टरांना विचारता येतं.

गुरुवार, ७ मार्च

विचारलं. साधी चिठ्ठी – 'सहा भेटी. निदान तीव्र की जुनाट, कृपया स्पष्ट करावे.' संध्याकाळी परत आली. लाल शाईत एकच ओळ: 'लिहिलंय ते वाचा.'

कानशिलं तापली! घरी यांना सांगितलं तर हे म्हणतात, "नसती उठाठेव कशाला करतेस?" आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. रागावताही येईना.

शुक्रवार, ८ मार्च

डोक्यातून जात नाही.

सोमवार, ११ मार्च

'लिहिलंय ते वाचा' म्हणाले ना? वाचलं! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जेवणाची सुट्टी घालवून.

तिसऱ्या भेटीत, पान एकोणीस. डॉक्टरांचं नाही, ओपीडीतल्या सिस्टरचं बारीक अक्षर: 'गॅलरीत कबुतरं पाळतात, चाळीसेक. चार दिवस बाहेरगावी गेलं की खोकला थांबतो म्हणतात.' त्याखाली कोणाचा शेरा नाही, सही नाही. काही नाही.

कोडांचं पुस्तक उघडलं. जे-सदुसष्ट. पक्षी पाळणाऱ्यांचं फुप्फुस. असा कोडच आहे! चौदा वर्षांत एकदाही वापरला नव्हता. पिसांची आणि विष्ठेची धूळ रोज आत जाते, फुप्फुस सुजतं, मग हळूहळू कडक होतं. वेळेत कळलं तर तिथेच थांबवता येतं. नाही कळलं तर...

पान एकोणीसमध्ये खूण घालून ठेवली.

मंगळवार, १२ मार्च

सिस्टरला गाठलं. जिन्यातच. पोरगेलीशी आहे.

"मी लिहिलं होतं ताई. पण नर्सचं कोण वाचतंय?"

"मी वाचलं."

"नऊ महिन्यांनी!"

टोमणा नव्हता तो. पण लागला.

शुक्रवार, १५ मार्च

दुसरी चिठ्ठी. पाच वेळा फाडून लिहिली. आम्ही डॉक्टरांना निदान सुचवायचं नसतं, फक्त बोट दाखवायचं. म्हणून एवढंच – 'पान १९ वरील परिचारिकेची नोंद पाहावी. निदानात बदल आहे का?'

टाचणीसाहेबांनी ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं आता टाचणी टोचणार! तर म्हणाले, "खाली माझंही नाव घाल. बोलणी खायची तर दोघं मिळून खाऊ."

माणूस ओळखायला मला चौदा वर्षं लागली म्हणायची.

सोमवार, १८ मार्च

छातीचे डॉक्टर, तेच लाल शाईवाले, खाली आले. स्वतः! आमच्या तळघरात डॉक्टर आलेला मी तरी पाहिला नव्हता.

"दोघांपैकी ही चिठ्ठी लिहिली कुणी?"

उभी राहिले. त्यांनी फाइल मागितली, पान एकोणीस काढलं, उभ्याउभ्याच वाचलं. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"दिवसाला सत्तर पेशंट बघतो मी," म्हणाले. मला नाही, त्या पानाला. मग फाइल मिटून – "हे मी वाचायला हवं होतं."

मला गप्प बसता आलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "चार वेळा मीही तोच कोड टाकलाय, सर."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "उद्याच बोलावतो त्यांना."

गुरुवार, २८ मार्च

स्कॅन झालं, रक्त झालं. निदान बदललं. जे-सदुसष्ट मीच टाकला, आणि तीनदा तपासला.

थोडा भाग कडक झालाय, तो परत यायचा नाही. बाकीचं वाचेल. अट एकच – कबुतरं घरातून गेली पाहिजेत.

शनिवार, ६ एप्रिल

शिंप्याची बायको खिडकीशी आली होती, रिपोर्टची प्रत मागायला. ठेंगणीशी, पदराला सुया टोचलेल्या. मी कोण हे तिला कसं ठाऊक असणार?

"पाखरं दिली का?" मी विचारलं.

"पुतण्याला दिली, लांब आहे तो. तर दोन उडत परत आली हो! हे खिडकी लावून आत बसले आणि ढसाढसा रडले. मीच हाकलली मग, फडकं घेऊन."

"आणि खोकला?"

"निम्म्यावर आलाय. जिना एका दमात चढतात आता." मग पदर सारखा करत, "घर मात्र खायला उठतं."

सांगावं असं वाटलं – बाई, हे कितीतरी आधी कळलं असतं. पण प्रत दिली, वर ती ठेवायला जाडसर पाकीट दिलं.

मंगळवार, १६ एप्रिल

टाचणीसाहेबांनी नवा नियम काढला: एकच निदान तिसऱ्यांदा आलं की जुनी पानं वाचल्याशिवाय कोड टाकायचा नाही. मीटिंगमध्ये असा सांगितला, जसा काही त्यांना स्वप्नात दिसला! सिस्टर आणि मी एकमेकींकडे बघून हसलो.

बरं वाटतंय. खूप दिवसांनी.

सोमवार, २२ एप्रिल

शिंपी बायकोला घेऊन तपासणीला आला होता, सिस्टरने सांगितलं. डॉक्टरांनी बोलता बोलता बायकोला विचारलं, इतकी वर्षं खुराडी झाडत कोण होतं? "मीच की. सकाळ-संध्याकाळ." त्यांनी तिलाही टेबलावर बसवलं, स्कॅनला पाठवलं. रिपोर्ट आत्ता माझ्यासमोर आहे. नवऱ्यापेक्षा कितीतरी वाईट. वय अठ्ठावन्न, आणि तिच्या नावाने या हॉस्पिटलात आजवर एक कागदही नव्हता.