वन्संनी पाठवलेला लसूण

सुरत, अडाजण
८ डिसेंबर २०२४

ती. तारावन्सं यांस,
विजयाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानांनी साथ सोडल्यापासून तुमचं अक्षर आणखी ठसठशीत झालंय. तुमचे बंधू म्हणतात, ताई आता कागदावर ओरडते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओवर मी नुसतं तोंड हलवते, त्यापेक्षा आपलं नणंद-भावजयीचं हे टपाल बरं.

ठरल्याप्रमाणे तो रक्तपिपासू उमरावाचा जुना विलायती ग्रंथ मी वाचून संपवला. आमच्या रविवारच्या वाचन मंडळातही याच वेळी तोच घेतला होता, त्यामुळे मतांचा नुसता पाऊस पडला. गोपाळराव म्हणाले, एवढी पत्रं, रोजनिशा आणि तारा वाचताना त्यांना बँकेतल्या ऑडिटची आठवण झाली. रंजनाबाईंना उमराव सुरुवातीला फार आवडला होता. पाहुण्याचं सामान स्वतः उचलतो, ताट स्वतः मांडतो, असा पुरुष आपल्यात कुठे, म्हणत होत्या. पण तो भिंतीवरून पालीसारखा उतरला तेव्हा त्यांनी पुस्तक देवाच्या खोलीतून उचलून बाल्कनीत नेऊन ठेवलं आणि आपल्या अहिराणीत निकाल दिला, हाऊ माणूस वंगाय शे.

मला मात्र उमरावाची भीती वाटली नाही. वाटली ती त्या आईची. मुलगी दिवसेंदिवस पांढरी पडतेय. उमरावाने फिरकू नये म्हणून डॉक्टर तिच्या गळ्यात लसणाच्या फुलांची माळ घालतो, खिडक्या लावून घेतो, आणि आईचं हृदय कमजोर म्हणून तिला कुणी एका शब्दाने काही सांगत नाही. ती बिचारी मायेने खोलीत जाते. उग्र वास, कोंदट हवा. लेकीला बरं वाटावं म्हणून माळ काढते, खिडकी उघडते आणि समाधानाने झोपायला जाते. तिथे मी पुस्तक मिटलं आणि चहा केला. ते सगळे शहाणे पुरुष म्हणे तिची काळजी घेत होते.

इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू हल्ली लवकर दमतात. गुडघे दाखवायला म्हणून तुमचा भाचा मंदार त्यांना सारखा घेऊन जातो. बिचारा इच्छापोरच्या कंपनीतली पाळी बदलून घेतो त्यासाठी. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे इतके खेटे घालावे लागतात हे मला नवीनच होतं.

तुमचं मत सविस्तर लिहा. आमच्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
विजया

•

धुळे
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. विजया हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेतून निवृत्त झालीस तरी पेपर तपासायची सवय गेली नाही तुझी. त्या आईला तू शंभरपैकी शंभर दिलेस आणि बाकी सगळ्यांना नापास केलंस. माझं मत उलट आहे. जिचं हृदय धक्का सोसणार नाही तिला सांगून काय साधणार होतं? लेकीच्या आधी तीच गेली असती. प्रत्येक गोष्ट प्रत्येकाच्या कानावर घालायची नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी धाकटी बहीण गेल्याचा फोन आला तेव्हा तू स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडलीस, आणि हिला पुन्हा असा धक्का देऊ नका असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, हे तू विसरलीस. आम्ही नाही विसरलो.

असो. पुस्तकातल्या माणसांवरून आपण कशाला भांडा. आमच्या गल्लीतला संदीप पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला आहे, तो सुट्टी संपवून परत निघालाय. त्याच्याबरोबर गावरान लसणाची चांगली लांब वेणी पाठवते. खिडकीत टांग, नाहीतर पोटात घाल. उमराव तुझ्या इमारतीच्या लिफ्टपर्यंतसुद्धा यायचा नाही. अरविंदाला लहानपणी थंडीत आई दुधात लसूण उकळून द्यायची आणि तो गोठ्यामागे लपायचा. गुडघ्यांना चांगला असतो. आता लपायला गोठा नाही, तेव्हा पाज त्याला.

तुझी प्रकृती जप. गोळी वेळेवर घे. तुझ्या पत्राची वाट बघायला इथे मी आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
तारावन्सं

•

सुरत
३० डिसेंबर २०२४

ती. वन्सं यांस,
विजयाचा साष्टांग नमस्कार.

संदीप स्वतः येऊन वेणी देऊन गेला. काय लसूण आहे. इवल्या पाकळ्या, पण डोळ्यांत पाणी आणणाऱ्या. मंडळातल्या लोकांना दाखवला तेव्हा गोपाळरावांनी मफलरसारखा गळ्यात घालून फोटो काढून घेतला.

तुमच्या आज्ञेप्रमाणे सकाळ-संध्याकाळ दुधात उकळून देते. शिवाय इथे सध्या पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणि हिरव्या लसणाचे दिवस, चटणीतही तोच. तुमचे बंधू नाक मुरडतात, पण पितात. ताईने पाठवलाय म्हटलं की निमूट पेला रिकामा होतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्यांच्या दंडावर, पोटरीवर काळेनिळे डाग दिसायला लागलेत. कुठे आपटलात का विचारलं तर आठवत नाही म्हणतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. परवा दाढी करताना जरासं कापलं तर टॉवेल भिजला तरी थांबेना. चेहराही उतरलाय. मी रंजनाबाईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. गळ्यावर दोन टोचे आहेत का बघ, म्हणाल्या. थट्टाच होती, पण घरी येऊन मी खरंच बघितलं. काही नव्हतं.

मंदारला विचारलं. तो म्हणाला, आई, वयाने कातडी पातळ होते, तू उगाच पुस्तकं वाचून घाबरतेस. असेल. अशक्तपणा असावा असं मला वाटतं, म्हणून लसणाच्या पाकळ्या वाढवल्यात.

पत्राला उशीर करू नका. तुमचा हात आमच्या डोक्यावर राहू द्या.

आपली,
विजया

•

सुरत
४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
अरविंदचा सा. न.

विजया भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात हे लिहितो. तिने तुला डागांबद्दल लिहिलं असणार. घाबरू नकोस. हृदयाचे ठोके चुकतात म्हणून रक्त पातळ ठेवायची जी गोळी दिली आहे, तिने असं थोडंफार व्हायचंच. गोळ्या व्हिटॅमिनच्या जुन्या बाटलीत ठेवल्या आहेत, तिला संशय नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की खाण्यापिण्यात किंवा औषधात नवीन काही सुरू केलं तर आधी विचारा. पण लसूण काय, तो तर फोडणीतला. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगितलं तर तिचा रक्तदाब कुठे जाईल ते तू बघितलं आहेस. तेव्हा पितो मुकाट्याने. तूच धाडलास, आता भोग तुझ्या भावाच्या शिव्याशापांची लाखोली.

तुला माझ्या गळ्याची शपथ घातली आहे ती लक्षात ठेव. संक्रांतीनंतर सावकाश मीच सांगेन तिला.

तुझा,
अरविंद

•

धुळे
११ जानेवारी २०२५

चि. सौ. विजयास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचण्याआधी खाली बस आणि पाणी जवळ घे.

मी आज अरविंदाची शपथ मोडते आहे. त्याचे गुडघे ठीक आहेत. त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. गुठळी होऊन अर्धांगाचा झटका येऊ नये म्हणून दिवाळीपासून तो रक्त पातळ करायची गोळी घेतो आहे. कपाटातल्या व्हिटॅमिनच्या बाटलीत बघ. मंदारला माहीत आहे, मला माहीत आहे. तुझ्या काळजीपोटी तुला सांगितलं नाही.

काल मी माझ्या डॉक्टरांकडे रक्तदाब तपासायला गेले तेव्हा सहज तुझ्या लसणाचं बोलले. त्यांनी कानातला स्टेथोस्कोप काढून ठेवला आणि ऐकू येत नाही म्हणून मी जवळ बाळगते त्या पाटीवर एकेक प्रश्न लिहून सगळं विचारून घेतलं. त्या गोळीवर एवढा लसूण रोज चालत नाही, रक्त आणखी पातळ होऊ शकतं, ताबडतोब थांबवा आणि त्याच्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनी लिहून दिलं. लसूण मी पाठवला, पाजही मीच म्हटलं. 

छायाला आज तुमच्याकडे फोन करायला लावला. अरविंदानेच उचलला. हसून म्हणाला, लसूण आजपासून बंद, बाकीचं पतंगांचा सण झाल्यावर बोलू, तिचा सण नासवू नका. छाया माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, आई, मामांना दोन दिवस द्या. मला धीर नाही. म्हणून स्पीड पोस्टने हे पाठवते.

माझ्यावर रागाव, पण त्याला सांभाळ. आणि स्वतः पडू नकोस.

तुझी,
तारा

•

सुरत
२१ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
विजयाचा नमस्कार.

तुमचं पत्र सोळा तारखेला पोचलं. मी तेव्हा घरी नव्हते, वॉचमनने ते हॉस्पिटलात आणून दिलं. मी बसलेलीच होते आणि पाणीही जवळ होतं.

अकरा तारखेला संध्याकाळी त्यांनी दुधाचा पेला परत केला. उद्यापासून नको, कंटाळा आला, एवढंच म्हणाले. मला वाटलं, लहानपणासारखे लपताहेत. अशक्त माणसाच्या जिभेचे लाड किती करायचे, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून लसूण वाटून भाकरीच्या पिठात मळायला लागले. त्यांना सांगितलं नाही. उत्तरायणाला उंधियूत घातला. त्यांनी चवीने खाल्लं आणि मी मनात हसले.

दुपारी सगळी इमारत गच्चीवर होती. पतंग कापला म्हणून ते मागे सरले आणि टाकीच्या नळाला डोकं लागलं. साधं टेंगूळही आलं नाही. उन्हं कलली तेव्हा माझ्याकडे बघून ते शब्द शोधायला लागले. मला रंजना म्हणाले. मग तोंड वाकडं झालं.

मंदार इच्छापोरला पाळीवर होता. शेजारच्या भाईदासकाकांनी गाडी काढली. हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला गुजरातीत विचारलं, काका रक्त पातळ करायची काही गोळी घेतात का. मी म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, बहेन, नीट आठवा, फार महत्त्वाचं आहे. मी ठणकावून सांगितलं की माझा नवरा काय घेतो ते मला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार. त्यांनी तसं लिहून घेतलं. मंदार सणाच्या गर्दीतून येईपर्यंत बराच वेळ गेला. आल्याबरोबर तो डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन गेला. मी काचेतून बघत होते. त्यांनी आधी त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि धावत आत गेल्या.

डोक्यात रक्त साचलं होतं, ऑपरेशन झालं. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं. मंदारने दिलं, गोपाळराव आपल्या मुलाला घेऊन आले, भाईदासकाकांच्या सुनेने दिलं. पुस्तकात असंच एकामागून एक जण हात पुढे करतात ना. तिथे मला ते फार रंगवून लिहिलंय असं वाटलं होतं.

वन्सं, मी पडले नाही. रक्तदाबही वाढला नाही. एवढी वर्षं ज्या धक्क्याला सगळे भीत होते तो मला उभ्याने बसला आणि मी उभीच राहिले. मला सांगून तुम्ही सगळ्यांनी हे आधीच बघायला हवं होतं. मी रागावले आहे. तुमच्यावर, मंदारवर, सगळ्यांत जास्त त्यांच्यावर, आणि त्या पिठाच्या परातीवर. तुम्ही शपथ मोडलीत, उशिरा का होईना, तुम्हीच एकट्या मोडलीत, ते मी विसरणार नाही.

आता ते आतल्या खोलीत आहेत. मला दिवसातून एकदा काचेबाहेरून बघू देतात. डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. मंदारही म्हणतो, सुधारणा आहे, आई तू घरी जाऊन झोप. रंजनाबाई म्हणतात, सगळं छान होणार. सगळे मला बघून हसतात आणि मी वळले की हळू बोलतात.

माझं एकच मागणं आहे. मंदार रोज छायाला फोन करतो हे मला ठाऊक आहे. छाया ते तुमच्या पाटीवर लिहिते. माझी प्रकृती, माझं वय, कशाचाही विचार न करता, त्या पाटीवर त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं मला कळवा. लोभाचं आपण मग बघू.

आपली,
विजया