देजाच्या बैठकीचा गझिबो

१४ सप्टेंबर, शनिवार
ठरलं. परसात गझिबो, म्हणजे गवती छपराचा गोल मांडव, बांधायचा. स्वतः. २६ ऑक्टोबरला न्यावीराच्या देजाची बैठक, वरपक्षाने किती शेळ्या द्यायच्या ते ठरवायला नवरामुलगा मुरीमी याच्याकडची अठरा माणसं येणार. भाड्याच्या तंबूत पाहुणे बसवायचे दिवस गेले. मुलीचा बाप एकतीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालाय, हे त्यांना न सांगता कळलं पाहिजे.

बायकोला सांगितलं. गाथोनी म्हणाली, खुराड्याचं दार पाच महिने लटकतंय. विषय बदलायची तिची जुनी सवय.

१५ सप्टेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर मोबाइलवर ‘गझिबो बांधताना होणाऱ्या दहा चुका’ वाचल्या. वहीत उतरवल्या. सात निव्वळ अडाण्यांसाठी. उरलेल्या तीन मी करणार नाही. म्हणजे काम निम्मं झाल्यातच जमा.

न्यावीराचा नैरोबीहून फोन. दोन वर्षांपूर्वीचं स्थळ तिने पुन्हा उकरून काढलं. तेव्हा झालं काय, तर मुलाच्या काकांची शेळ्यांची वजाबाकी चुकली आणि मी ती खडूने दारावर सोडवून दाखवली. एवढ्यावरून कोणी उठून जातं? पण गेले. आज ती म्हणाली, “बाबा, या वेळी नुसते बसा. कोणाला काही शिकवू नका.” आवाज बारीक झाला होता तिचा. मलाही गलबलून आलं.

म्हणून तर गझिबो. मी गप्प बसेन. बोलेल तो गझिबोच.

१८ सप्टेंबर, बुधवार
जागा नक्की केली. अवोकाडोच्या झाडाखाली, परसाच्या खोलगट कोपऱ्यात. चूक क्रमांक एक: ‘पाणी साचणारी जागा निवडणे.’ तिथे पाणी साचत नाही. सध्या कोरडंठाक आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार
गिताऊ सुतार कुंपणावरून डोकावला. मास्तर, मी करून देतो म्हणाला. याला मी सातवीत दोनदा नापास केलंय. नम्रपणे नकार दिला.

जाताना बजावून गेला की निलगिरीचे खांब ओले आहेत, जानेवारीपर्यंत वाळू द्या, नाहीतर पीळ पडेल. जानेवारीत पाहुणे येणार आहेत का? खांब आजच रोवले. थेट मातीत. सिमेंट हा आत्मविश्वास नसलेल्यांचा मार्ग.

२८ सप्टेंबर, शनिवार
आराखडा पूर्ण. व्यास तीन मीटर, परीघ नऊ मीटर बेचाळीस सेंटिमीटर. माणशी पंचेचाळीस सेंटिमीटर धरले की कमरेएवढ्या भिंतीलगतच्या गोल बाकावर वीस माणसं आरामात. मधोमध पक्कं गोल टेबल. गाथोनीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “न्यावीराचे बाबा, गुडघे कुठे ठेवायचे?”

तिला परीघ शिकवायचं राहूनच गेलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार
बाक झाला. बसून पाहिलं. गुडघे टेबलाला लागतात. पाहुणे तिरके बसतील. तिरकं बसलं की संभाषण मोकळं होतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार
छप्पर. गिताऊ पुन्हा कुंपणावर. म्हणे गवताला उभा उतार हवा, पंचेचाळीस अंश तरी, नाहीतर पाणी वाहून न जाता मुरतं. मी वीस अंशांवर शंकूचं वक्रपृष्ठ काढून दाखवलं. पाव गवत वाचतं. तो कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, गणित बरोबर आहे मास्तर. शेवटी कबूल केलंन.

१३ ऑक्टोबर, रविवार
दाराची उंची माझ्या मापाने घेतली. थोरले बंधू इझेकिएल बघायला आले आणि कपाळ आपटून घेतलं. बैठकीत आमच्या बाजूने बोलणारे तेच, म्हणून बर्फ लावून चहा पाजला. नंतर सुचलं, हे उत्तमच झालं. वरपक्ष वाकून आत येईल. मुलीच्या बापापुढे वाकायलाच हवं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
तीन खांब पिळवटले. बाक एका बाजूने उचलला गेलाय. इझेकिएल त्या बाजूला बसतील, त्यांना उंच बसायला आवडतं.

अवोकाडो पडून छपराला भोक. गवताची पेंढी कोंबली.

२३ ऑक्टोबर, बुधवार
पाऊस. कोपऱ्यात घोटाभर पाणी. विटा टाकून वाट केली. दिसायला छान दिसते, तळ्यातल्या घरासारखी. न्यावीरा घरी आली. गझिबोभोवती एक फेरी मारली, पिळवटलेल्या खांबावरून हात फिरवला. भारावली असावी. संध्याकाळी तिने आईला हळूच विचारलं की भाड्याचा तंबू अजून मिळेल का. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

अठरापैकी आठ मावले. बाकीचे पडवीत. मुरीमीचे वडील, वाहोमे, सहा फूट दोन इंच. वाकून आत आले, मग आत वाकूनच बसले. चेहरा शांत. तेवढ्यात पाऊस.

आमच्यात आकडा सांगण्याआधी आपापल्या माणसांनी उठून बाहेर जायचं, बाजूला कुजबुजायचं, मग परत यायचं. बाहेर धो धो. आत इझेकिएलचा गुडघा वाहोमेंच्या गुडघ्याला टेकलेला. तरी रीत म्हणून इझेकिएल माझ्या कानाशी वाकले आणि कुजबुजले, “शंभर सांगतो, पन्नासवर सोडतो.”

समोरून वाहोमे म्हणाले, “पन्नास आम्हाला मान्य आहे.”

कोणी हसेना. मला वाटलं, गेलं. हेही स्थळ गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत न्यावीरा उभी होती, हातातली मुकिमोची, बटाटा-मक्याच्या लगद्याची, परात तशीच धरून. गोल जागेत आवाज कसा फिरतो हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. आयुष्यात मला एवढं अवघड काही गेलं नसेल.

मग छपरात साचलेलं सगळं पाणी एकदम वाहोमेंच्या टोपीवर आलं. त्यांनी टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली आणि हसायला लागले. त्यांच्या मागे सगळे. इझेकिएलसुद्धा. हसण्याच्या धक्क्याने असेल, पण दाराजवळचा खांब कलला आणि आम्ही सगळे ओळीने, वाकून, घोटाभर पाण्यातून घरात गेलो. उरलेली बैठक आमच्या बारक्या बैठकीच्या खोलीत झाली. काही जण खाटेच्या कडेवर बसले. मी दाराशी उभा. एक शब्द बोललो नाही.

जमलं. लग्न डिसेंबरात.

एकूण पाहता गझिबोमुळे वातावरण मोकळं झालं. हे मान्य करावंच लागेल. आकडा ठरायला एरवी अख्खा दिवस लागतो.

२७ ऑक्टोबर, रविवार
नाश्त्याला इझेकिएलनी काल दोन्ही बाजूंनी सही केलेला कागद वाचून दाखवला. मी दाराशी होतो, मला नीट ऐकू आलं नव्हतं. पन्नास शेळ्या. मुलीच्या आईला दोन ब्लँकेटं. वडीलधाऱ्यांना मध. मुलीच्या वडिलांना परसात एक गझिबो, सुताराने बांधलेला.

वाहोमेंचा मोठेपणा, मी म्हटलं. इझेकिएल म्हणाले, त्यांचा नाही, ही मागणी आपल्या बाजूची.

मी विचारलं, आपल्या बाजूने कोणी मागितलं?

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. न्यावीराने हात वर केला.