जाहिरातीतली सासू जेवायला बसते

जयनगर, बेंगळूरु

तीर्थस्वरूप विठोजी अण्णांच्या चरणी धाकट्या शुभदेचा दंडवत.

इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? (वहिनींचा विचारत नाही, त्यांनाही गुडघे आहेत हे निपाणीत अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.) फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. याला मध्येच "बरं बरं, ठेव" म्हणता येत नाही.

घरच्या ग्रुपवर तुम्ही लिहिलंत की आपल्या घराण्यातली बाई पुरुषाला उभं करून स्वतः जेवायला बसली, तेही जगासमोर. बसले. व्हिडिओत दिसते ती मीच. पण कशी बसले ते ऐका.

आमची सून दिव्यश्री कॉलेजात माध्यमांचा अभ्यास शिकवते (तुम्ही लोकांना सांगताना 'टीव्हीचं काहीतरी' म्हणता). तासाची तयारी ती जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं करते आणि मी शेजारी शेंगा सोलत ऐकते. त्यातून मला स्त्रीवाद कळला तो असा: पडद्यावर बाई दिसली की बघावं, तिच्याकडे कुणाच्या नजरेनं बघायला लावताहेत, बोलतंय कोण आणि उभं कोण आहे. बाईपण काय नि पुरुषपण काय, आपण आईच्या पोटातून आणत नाही. बघून बघून गिरवतो, आणि हल्ली कित्ता घालून देतो टीव्ही. हे ऐकल्यापासून माझ्या मालिकांचं वाटोळं झालं. एक सासू धड खाली बसलेली दिसेना.

अशात सांबार मसाल्याच्या जाहिरातीला कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी, 'आईसारखी' दिसणारी बाई हवी होती. दिव्यश्रीच्या एका विद्यार्थिनीनं माझं नाव दिलं. यशवंतपूरला एका गोदामात खोटं स्वयंपाकघर उभारलेलं. दिग्दर्शक शार्दूल, पुण्याचा, कोवळा पोरगा. माझा मुलगा झालेला नट गिरीराज टेबलाशी ऐसपैस बसलेला आणि मी व त्याची खोटी बायको हातात डाव घेऊन उभ्या. मी म्हणायचं होतं, "सून कितीही शिकू दे, नवऱ्याचं मन ताटातूनच जिंकावं लागतं."

मी विचारलं, "आम्ही दोघी कधी जेवतो?"

"काकू, ॲड अर्ध्या मिनिटाची आहे. तुम्ही जेवतच नाही."

"मग मी हे म्हणत नाही."

शार्दूलनं बराच विचार केला आणि खोट्या सुनेला साडी बदलून जीन्स घालायला लावली. म्हणाला, "आता एकदम मॉडर्न!" वाक्य तेच. (अण्णा, डाव तोच, हात तोच, फक्त खाली पँट.) कॅमेरा सुरू झाला आणि मी खुर्ची ओढली. सुनेला बसवलं, स्वतः बसले आणि म्हटलं, "गिरीराज, ऊठ बाळा. आज तू वाढ."

तो बिचारा खरंच उठला! अर्धं सांबार भातावर, अर्धं स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी मोठ्या दिमाखात घास घेतला, आणि तिथेच घात झाला. जाहिरातीतलं सांबार खायचं नसतं. चमक यावी म्हणून त्यात ग्लिसरीन ओतलेलं. रंगासाठी आणखी काय, ते देव जाणे. शार्दूल ओरडला, "काकू, थुंका!" पण सगळं गोदाम बघत होतं. ऐन लढाईत थुंकायचं कसं? गिळलं. वर म्हटलं, "मीठ स्वल्प कमी आहे."

मसाल्याचे मालक हयवदन मागेच उभे होते. "अक्का, मला मसाला विकायचाय, भांडण नाही," म्हणाले.

"सरी, बरं. मग तो विकत घेणाऱ्या बाईला बसायला खुर्ची द्या."

खुर्ची दिली नाही. मलाच घरी पाठवलं. दुसऱ्या बाई आल्या, वाक्य म्हणून गेल्या. ती जाहिरात तुम्ही रोज बघता आणि तुम्हाला आवडते, हेही कळलं. माझा व्हिडिओ तिथल्याच कुणीतरी फोनवर काढून नेटवर सोडून दिलेला.

रिक्षात डोळ्यांत पाणी आलं, खोटं का सांगू. घरी येऊन दिव्यश्रीवर भडकले. म्हटलं, तुझ्या सिद्धांतांनी मला ग्लिसरीन पाजलं! ती हसली नाही. ताक करून दिलं, शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, मी वर्गात हे वर्षानुवर्षं बोलते आहे. खुर्ची कुणी ओढली नव्हती."

तेव्हा अण्णा, मी माफी मागणार नाही. घराण्याची अब्रू बायका उभ्या राहिल्या तरच उभी राहत असेल, तर तिलाही जरा बसू द्या. दमली असेल.

तुमचीच,
शुभदा

ता. क. हयवदनांचा परवा फोन आला. त्यांच्या घरी तो व्हिडिओ पाहिला गेला आणि तेव्हापासून त्यांना स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यावं लागतंय. आता त्यांना नवी जाहिरात हवी आहे: दोन म्हाताऱ्या बसून पोटभर जेवतात. (या वेळी सांबार खरं, तशी अटच घातली.) एक मी. दुसरी म्हणून वहिनींना विचारलं, त्या लगेच तयार झाल्या.

आणखी एक राहिलं. वाढायला पुरुष हवा आहे. गिरीराजला आता सवय झाली, तो गोंधळत नाही. जन्मात हातात डाव न धरलेला, वयस्कर, रुबाबदार माणूस पाहिजे. मी तुमचं नाव सांगितलंय. होकार तुमच्या वतीनं वहिनींनी कळवून टाकला आहे.