गोळीपासून की सुरीपासून

दादा,

आज मी अंगात घालायचं संरक्षक जाकीट घ्यायला गेले होते. परवा कोर्टात तुझ्याविरुद्ध, वहिनीच्या बाजूने माझी साक्ष आहे, आणि "तोंड उघडलंस तर बघ," असं तू फोनवर म्हणालास.

मला वाटायचं, जाकीट एकाच प्रकारचं असतं. दुकानदाराने पहिल्याच फटक्यात विचारलं, "गोळीपासून की सुरीपासून?" गोळी अडवणारं जाकीट सुरीपुढे टिकेलच असं नाही, हे मला आजच कळलं.

"सुरीपासून," मी म्हटलं. "भाऊ चपला शिवतो. चामडं कापायची रापी कायम हाताशी असते."

मग त्याने नमुन्याचा तुकडा आणि चाकू पुढे केला. मी सगळा जोर लावला, पण पातं आत जाईना. कसली घट्ट वीण होती ती! तुला दाखवावीशी वाटली, दादा. असल्या गोष्टींची पारख तुलाच.

"ताई, फार जाड घेऊ नका," तो म्हणाला. "जड झालं की माणूस काढून ठेवतो." मी पातळ घातलं, बसून पाहिलं, शपथेला हात वर होतो का तेही पाहिलं.

"बाजूचे पट्टे ओढायला घरी कोणी आहे?"

आहे. वहिनी सहा महिने माझ्याकडेच आहे. ते तुला कळायला नको, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

संध्याकाळी तिने पट्टे ओढले आणि विचारलं, "श्वास घेता येतोय ना?"

"येतोय," म्हणत मी पिशवीतून दुसरं जाकीट काढलं आणि तिला हात वर करायला सांगितलं.

तुझीच,
धाकटी