हसरे चार फोटो

मोका, ८ जुलै १९९६

चि. सौ. इवेलिस हिस एर्सिलिया मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले ती दातओठ खातच. तुझा नवरा काल राजधानीहून परतला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, की मावशी, व्हिसा नाकारला, त्यांना आमचं लग्न खोटं वाटतं. तुमच्या त्या बर्फाच्या देशाच्या वकिलातीने दिलेला कागद मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. तेहतीस वर्षं शाळेत निबंध तपासले, पण इतकं कोरडं लिहिणारं पोर मला कधी भेटलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की आपण पाठवलेल्या लग्नाच्या अकरा फोटोंत एकही माणूस हसत नाही. नवरी राखाडी कपड्यांत, नवरा हातभर लांब, केक नाही, वाजंत्री नाहीत. अशी लग्नं कागदासाठीच होतात म्हणे! चेपाताईला जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते, घरात वर्षाचा दुखवटा होता, रेडिओवरसुद्धा आम्ही काळं कापड टाकलं होतं, आणि लग्न पुढे ढकलू नका असं वचन तुझ्या आईनेच मरताना घेतलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? फाउस्तोने तिथल्या बाईला सांगितलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण तो भोळा सांब पुढे म्हणाला, की संध्याकाळी मागच्या अंगणात आम्ही हसलो, नाचलो, त्याचेही चार फोटो आहेत. बाई म्हणाली, दाखव. याच्याकडे कुठे होते? झालं, अर्जदार खोटं बोलतो असा शेरा पडला.

वकिलातीचं पाकीट मीच टपालात टाकलं होतं आणि त्यात अकराच होते. बाकीचे चार निगेटिव्हसकट गेले. कुठे गेले याचा विचार करते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच तोंड येतं, शेजारच्या नेरेइदाचं. फोटोवाला फोटो देऊन गेला तेव्हा ती आपल्याच टेबलाशी बसून कॉफी पीत होती. फाउस्तो आपल्या लेकीला, योकास्ताला, मिळावा म्हणून तिने काय काय केलं ते सगळी गल्ली जाणते. बाईला लिहितावाचता येत नाही, तिची पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवते, पण फोटो लांबवायला अक्षरओळख लागत नाही.

तू जिवाला जप. तिच्याकडे मी बघते. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस आणि तिच्यावरचा रागही.

तुझी मावशी,
एर्सिलिया


२९ जुलै १९९६

ती. मावशीस इवेलिसचा सा. न.

तुझं पत्र इस्पितळाच्या धुलाईखोलीत उभ्या उभ्या वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. सातवा महिना आहे, डॉक्टरीणबाई म्हणतात राग करायचा नाही. मी त्यांना म्हटलं, की बाई, तुमच्या सरकारने माझ्या नवऱ्याला खोटारडा ठरवलंय, आधी त्याचं औषध द्या.

इथल्या वकिलाला भेटले. फेरविचाराचा अर्ज तीस सप्टेंबरपर्यंत करता येतो, पण नवा पुरावा हवा. तुमची तोंडी हकिगत नको, ते चार फोटोच हवेत, असं त्याने स्पष्ट सांगितलं. ते मिळाले नाहीत तर नवा अर्ज, नवी रांग, निदान दोन वर्षं. म्हणजे माझं लेकरू चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि बापाला फोनवरच्या आवाजाने ओळखेल.

मावशी, त्या दिवशी सकाळपासून मी आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. संध्याकाळी दहा मिनिटं काय ती हसले. अख्ख्या वर्षात माझी अशी ती दहा मिनिटं होती, आणि तीच त्या बाईने चोरली. आईच्या नऊ दिवसांची प्रार्थना जिने म्हटली, तिने! गल्लीत कोणीही गेलं की प्रार्थना म्हणायचा मान नेरेइदाचा, सगळी तिला तोंडपाठ, आणि त्याचाच तिला तोरा. तू तिथेच हात घाल. फोटो देत नाही तोवर तिला कोणी पाण्याला विचारता कामा नये. मी तिथे असते तर तिच्या अंगणात जाऊन उभी राहिले असते आणि सगळ्या गल्लीसमोर तिची झडती घेतली असती. आता माझ्या वाटचं तूच कर.

एक ठरवलंय. मुलगी झाली तर नाव एर्सिलिया. माझ्यासाठी भांडणारं तुझ्याशिवाय मला कोण आहे?

फाउस्तो जेवतो ना नीट, ते बघ. तुझा लोभ हाच मला इथे आधार.

तुझी,
इवेलिस


मोका, १९ ऑगस्ट १९९६

चि. सौ. इवेलिस हिस आशीर्वाद.

काम फत्ते होत आलंय. दोन रविवारांपूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर मी सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, की चेपाताईच्या वर्षाची प्रार्थना नेरेइदा म्हणणार नाही, पुढच्या गल्लीतल्या कुणाला तरी बोलवू. का, ते मी सांगितलं नाही. फक्त इतकंच म्हटलं, की ज्यांच्या घरातून वस्तू नाहीशा होतात त्यांनी दारं लावून घ्यावीत. पुढचं बायकांनी केलं. आता तिच्या नारळाच्या वड्यांना कोणी हात लावत नाही. ताट घेऊन निघते आणि भरलं ताट घेऊन परत येते. परवा औषधवाल्याची आई वारली, तिथेही नेरेइदाला निरोप गेला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या मरणाला मागच्या बाकावर बसली. मी पुढे बसले होते, वळून पाहिलं. मला बरं वाटलं.

योकास्ता भांडायला आली होती. तिला मी उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. नेरेइदा मात्र भांडत नाही, हीच तिची लबाडी. दर सोमवारी यायची ती अजून येते, चेपाताईच्या तसबिरीपुढचं पाणी बदलते, मेणबत्ती लावते आणि निघून जाते. मी तिला बजावलंय, की पाणी बदल, पण तसबिरीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, भिंतीला वाळवी लागलेली दिसते, तसबीर उतरवून बघा. मी म्हटलं, माझ्या घरच्या भिंती माझ्या मी बघेन.

नावाचं वाचलं. इवेलिस, इतकी घाई करू नकोस. तुझ्या आईचं नाव आहे की, फाउस्तोच्या आजीचंही चांगलं आहे. मी म्हातारी, माझ्या नावाचं त्या लेकराने काय करायचं? फोटोंची आशाही फार धरू नकोस, तिने जाळले असतील. वकिलाला म्हणावं दुसरा काही मार्ग काढ.

फाउस्तो जेवतो. अंगणात पाळणा करत बसलेला असतो. मी त्याच्याकडे फार बघत नाही. लोभ असू दे, आहे तेवढा पुरे.

तुझी मावशी,
एर्सिलिया


मोका, १२ सप्टेंबर १९९६

प्रिय इवेलिस,

मला पत्र लिहायला जमत नाही हे तुला माहीत आहे, पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला फोन म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं.

फोटो सापडले. चारही, आणि निगेटिव्हची पट्टीसुद्धा. सोमवारी मावशी चर्चला गेल्या होत्या, नेरेइदाबाई पाणी बदलायला आल्या. तसबिरीच्या कडेने वाळवीची माती खाली सांडत होती. त्यांना राहवलं नाही, मला हाक मारली, की फाउस्तो, आईचा चेहरा खाईल रे ती, उतरव. मी उतरवली. मागचा पुठ्ठा काढला तर त्यात वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं पाकीट. वर मावशींच्या अक्षरात तारीख, शाळेतल्या फळ्यावर लिहायच्या तशी. नेरेइदाबाईंना ती वाचता आली नाही, पण फोटो बघून त्या समजल्या. पुठ्ठ्यावरची माती झग्याच्या टोकाने पुसली आणि घरी गेल्या.

पहिल्या दोन फोटोंत आपण आहोत, तू अनवाणी. तिसऱ्यात मावशी आहेत. आठवतं? रेडिओ लावायचा नाही म्हणून त्यांनीच स्वयंपाकघरातली किसणी आणली, तिच्यावर काटा घासून मेरेंगे नाचाचा ताल धरला, आणि त्यावर आपण नाचलो. फोटोत त्यांचं डोकं मागे गेलंय, तोंड उघडं आहे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत. काळ्या कपड्यांत. मला वाटतं त्यांनी आपल्याला नाही, स्वतःला लपवलं.

मी मंगळवारी पहाटेच्या बसने राजधानीला जाऊन चारही फोटो अर्जासोबत दिले, पावती घेतली. तसबीर पुन्हा टांगली आहे. मावशींना काही बोललो नाही. तूही फार कडक होऊ नकोस. तुझ्या रागाची मला कल्पना आहे, म्हणून सांगतो.

तुझाच,
फाउस्तो


मोका, २४ सप्टेंबर १९९६

चि. इवेलिस,

आशीर्वाद द्यायचा अधिकार राहिला की नाही, ते तू ठरव.

काल तसबीर उतरवली. मागे काही नव्हतं. फाउस्तो दोन आठवडे मला सकाळची कॉफी मुकाट्याने आणून देत होता, ती का ते मला कळलं. तेव्हा तुला त्याच्याकडून कळण्याआधी, किंवा कळल्यानंतर, मी माझ्या हाताने लिहिते आहे, की फोटो मीच काढून ठेवले. नेरेइदाने नाही.

फोटोवाला देऊन गेला तेव्हा मी एकेक पाहिला. तिसऱ्यापाशी हात थांबला. माझी बहीण मातीत जाऊन नऊ आठवडे झालेले आणि मी किसणी वाजवत खिदळते आहे. मला वाटलं, वकिलातीतली माणसं म्हणतील हे कसलं घर. गंभीर फोटो पाठवले तर घराण्याची अब्रू दिसेल, असंच वाटलं गं, देवाशप्पथ. आमच्याकडे दुखवट्यात हसलेल्या बाईला काय म्हणतात ते तू ऐकलेलं आहेस. तेच लोक मलाही म्हणाले असते. फाडवले नाहीत, कारण त्यात तू फार सुंदर दिसत होतीस.

नकार आला तेव्हाच सांगायला हवं होतं. कागद वाचला आणि भीतीने तोंडातून नेरेइदाचं नाव निघालं. मग तू लिहिलंस, की माझ्यासाठी भांडणारी तू एकटीच, आणि मला ते इतकं आवडलं, की मी भांडतच राहिले. तिचा मान काढून घेतला. तिला मागच्या बाकावर बसलेलं पाहून मला बरं वाटलं हेही खरं लिहिलं होतं, ते खोडत नाही.

काय शिक्षा द्यायची ती दे. लोभ मागत नाही.

एर्सिलिया


१४ ऑक्टोबर १९९६

ती. मावशीस,

फाउस्तोचं आणि तुझं, दोन्ही पत्रं मिळाली. त्याने लिहिलंय कडक होऊ नकोस. तो तुझ्या घरी राहतो, म्हणून त्याला तसं म्हणावं लागतं.

वकिलाचा फोन आला होता. व्हिसा मंजूर झाला. निर्णय करणाऱ्या माणसाने तिसऱ्या फोटोचं नाव घेऊन लिहिलंय, की एवढ्या मोठ्याने हसणारी म्हातारी कोणी भाड्याने आणत नाही. म्हणजे जो फोटो तू लपवलास त्यानेच काम केलं. जानेवारीत पाठवला असतास तर फाउस्तो उन्हाळ्यातच इथे आला असता. आठ ऑक्टोबरला मी सतरा तास कळा दिल्या, शेजारी एक परकी नर्स होती, माझा हात तिच्या हातात होता. ते सतरा तास तू मला परत देऊ शकत नाहीस, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता शिक्षा. फाउस्तो सोळा नोव्हेंबरला निघेल, त्याआधी नऊ तारखेला आईच्या वर्षाची प्रार्थना आहे. ती नेरेइदाबाई म्हणतील. प्रार्थना झाली, काळी कापडं उतरली, की तू सगळ्या गल्लीसमोर किसणी घेऊन बसायचंस आणि त्या दिवशी वाजवलास तसाच ताल धरायचास. पिवळा झगा घालून. फाउस्तो फोटो काढेल आणि मला आणून देईल. हसली नाहीस तर पुन्हा काढेल.

पण त्याआधी हे पत्र घेऊन शेजारी जा. नेरेइदाबाईंना वाचता येत नाही आणि गल्लीत दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवणारी तूच आहेस. तेव्हा त्यांच्या अंगणात उभी राहा, योकास्तालाही बोलाव, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. एक शब्द गाळायचा नाही. फाउस्तोलाही याची नक्कल पाठवली आहे, तो शेजारी उभा राहून ऐकेल. आवाज फुटला नाही तर थांब, पाणी पी आणि पुन्हा त्याच ओळीपासून सुरू कर, तू आम्हाला वर्गात करायला लावायचीस तसं.

मुलगी झाली. केस काळेभोर, आईसारखे. तुझं नाव ठेवणार म्हणाले होते, ते ठेवलं नाही. काय ठेवलं ते खाली सहीत आहे, तेही मोठ्याने वाच.

लोभाचं नंतर बघू. आधी किसणी वाजू दे.

नेरेइदाची आई,
इवेलिस