खालचं बटण

दादा,

काल नातीशी बोलताना मी मधेच उठून बाहेर गेलो. ती मोबाईलचे प्रोग्राम लिहिते. या वेळी एक बटण वरून खाली नेलंय, लोकांना होईल सवय, असं ती सहज म्हणाली. मला नगरकडच्या बेलापूरचं आपलं वर्कशॉप आठवलं.

पिठाच्या, मिरचीच्या गिरण्यांसाठी आपण मोटर चालू-बंद करायच्या स्टार्टरच्या पेट्या भरायचो. प्रत्येक पेटीत चालूचं हिरवं वर, बंदचं लाल खाली. बटणावर लिहिलेलं असतंच, मग एवढा हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. तुम्ही हातातला पाना खाली ठेवलात. "बाईचं ध्यान मिरच्यांत आसतं, बटनात न्हाई. हात सवयीनं जाईल तिथंच बंद पायजे. ते आपलं काम हाय, तिचं न्हाई."

दुष्काळाच्या साली तिसगावच्या मिरची कांडपाची पेटी मी एकट्यानं भरली. वायर आखूड पडली. नवी कापायचा कंटाळा केला आणि वायर पोचेल तशी बटणं उलटी बसवली. तिसऱ्याच दिवशी निरोप आला, तिथं काम करणाऱ्या बाईचा हात मशीनमध्ये गेला. पदर अडकला तेव्हा तिनं न बघता खालचं बटण दाबलं. मशीन चालूच राहिलं. उजवा हात मनगटापासून गेला.

तुम्ही सामान आणायला मुंबईला गेला होता. मी पहिल्या एसटीनं तिसगावला पोचलो, तपासतो म्हणून पेटी उघडली आणि नवी वायर घालून बटणं सरळ करून टाकली. दोन दिवसांनी तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंत. हिरवं वर, लाल खाली. मग नगरच्या दवाखान्यात आपण दोघं तिच्या खाटेशी उभे आहोत आणि ती एकच सांगतेय, "म्या खालचंच दाबलं हुतं." तुम्ही मान खाली घातलीत. बाहेर आल्यावर हळू आवाजात म्हणालात, "घाबरली आसल बिचारी. वरचं दाबलं आसल."

तिची चूक ठरली. मालकानं तिला कामावरून काढलं. नवराही तिला वेंधळी म्हणायला लागला, आणि पुढं पुढं तीच म्हणायची, माझंच चुकलं आसल. हे मला तिच्या भावानं सांगितलं. तेव्हाही मी गप्प बसलो.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, दादा, तुम्ही आता या जगात नाही, वाचणार नाही. ती बाई अजून जिवंत आहे. तिच्या गावी मी एकदाही गेलो नाही, आणि आता जाईन असंही मला वाटत नाही.