भोंग्यावरचा आवाज

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे काळजीचे पत्र मिळाले. मी सुखरूप आहे. वादळात घराचे छप्पर शाबूत राहिले, नगरपालिकेचे उडाले. पडलेली झाडे कापून रस्ते मोकळे केले, नळ सुरू झाले. मुख्याधिकारी म्हणून माझा सत्कार करण्याचे घाटत आहे. त्या सत्काराची मला लाज वाटते.

वादळापूर्वी आम्ही गटारे उपसली, फांद्या छाटल्या, निवाऱ्यासाठी शाळा उघडल्या. तरीही पुलाखालच्या वस्तीतून कोणी बाहेर पडले नाही. प्रत्येक वादळाच्या आधी भोंग्यांवरून हिचा ध्वनिमुद्रित आवाज लावला जाई, हे तू जाणतेस. ही त्यांच्या पोरांची शाळेतली बाई, त्यामुळे बाईंनी सांगितले की वस्ती मुकाट्याने निघे. ही गेल्यानंतर तो आवाज मला सोसवला नसता, म्हणून मी भोंगे चालवणाऱ्या आमच्या भोंगेवाल्याला ध्वनिफीत बदलण्याचा तोंडी आदेश दिला. मी रचलेली सूचना पाणीपुरवठ्याच्या कारकुनाने वाचली. त्याचा आवाज लोकांना एकाच वाक्यासाठी परिचित आहे: आज पाणी येणार नाही. लोकांनी बादल्या भरून ठेवल्या आणि दारे लावून घेतली. पाणी छातीपर्यंत चढले. सर्वांना होड्यांतून काढले, परंतु वस्तीतल्या शिंपीकाकांच्या पायावर भिंत कोसळली. तो पाय कापावा लागला.

आढावा बैठकीत नगराध्यक्षांनी दोष भोंगेवाल्यावर ठेवला. बाईंची ध्वनिफीत त्यानेच हरवली असणार, असे ते म्हणाले. भोंगेवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी पेल्यातले पाणी प्यायलो. त्याला काढून टाकण्याचा ठराव पुढील सभेत येत आहे.

हे वाचूनही लोभ राहिला, तर तो माझ्या पात्रतेहून अधिक समजेन.

तुझा भाऊ

२० ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

आधी मला हसू आलं, मग रडू, मग तुझा राग. अरे शहाण्या, जो जन्मभर पाणी येणार नाही म्हणत आला, त्याच्याच तोंडून पाणी येणार आहे म्हणून वदवलंस? माझी भावजय असती तर पोट धरून हसली असती आणि मग आठवडाभर तुझ्याशी बोलली नसती. सूचनेत तू ‘सखल भागातील रहिवाशांनी स्थलांतरित व्हावे’ असंच लिहिलं असणार. ती गेल्याचं तू मला कळवलंस तेही असंच, जसं काही कार्यालयाला सुट्टी जाहीर करतोयस.

तिच्यासाठी तू रडला नाहीस. तिचा आवाज तेवढा बंद केलास, आणि त्याची किंमत शिंप्याने मोजली.

भोंगेवाला गप्प बसला तो तुझं दुःख ओळखून. त्याचा भलेपणा पांघरून तू झोपू नकोस. सभेत उभा राहा. आणि तो आवाज टाकून तर दिला नाहीस ना, एवढं खरं कळव. इकडे जीव टांगणीला लागलाय.

खरं बोलून आलास की पोटभर आशीर्वाद देईन, तोवर उधार.

ताई

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभेत उभा राहिलो. आदेश माझा होता, एवढे सांगण्यास मला फार वेळ लागला. ठराव मागे घेतला गेला, सत्कारही. माझ्यावर चौकशी बसली आहे, ते योग्यच आहे. शिंपीकाकांकडेही जाऊन आलो. त्यांनी मला बसा म्हटले नाही. शिलाई मशीन एका पायाने चालवून पाहिली, जमत नाही, एवढेच म्हणाले. मी उभाच होतो.

आवाज सुरक्षित आहे. भोंगेवाल्याने सांगितले, की साहेबांनी बदला म्हटले होते, टाका म्हटले नव्हते.

आज सकाळी दुसऱ्या वादळाची सूचना आली आणि तो आवाज लावला. मी खिडकी उघडी ठेवली. ही तिच्या नेहमीच्या दटावणीच्या सुरात सांगत होती, की म्हाताऱ्यांचा हात धरा, दप्तरे राहू देत, पोरे घ्या, आणि निघा बघू आता. वस्ती निघाली. शिंपीकाकांना दोघांनी खुर्चीसकट उचलले होते. शेवटी हिने सर्वांना विचारले, की गॅस बंद केलात ना?

मी कार्यालयातून उठून घरी गेलो आणि पाहिले. बंदच होता. ही गेल्यापासून मी तो पेटवलेलाच नाही.

आशीर्वादाची उधारी सवडीने फेड. लोभ असू दे.

तुझा भाऊ